म्हातारीचा पहिला घास

सोफ्याचं पोट फाडलं की घरातल्या माणसांची खरी ओळख पटते, असं सोफावाला नेहमी म्हणायचा. वरून मखमल, नक्षीचे लोड. आत केसांचे गुंते, कापलेली नखं, चघळून कोंबलेली गोळी आणि उंदराच्या लेंड्या. त्या दुपारीही तो एक जुना सोफा दुकानाच्या मधोमध उलटा पाडून त्याचं गोणपाट फाडत होता. आतून असा कुबट वास आला की त्याने तोंडाला फडकं बांधलं. तेवढ्यात दारात वाचनालयाच्या बाई आणि सर येऊन उभे राहिले.

बाई म्हणजे गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले साहित्याचे प्राध्यापक आणि वाचनालयातल्या साप्ताहिक बैठकीचे कायमचे अध्यक्ष. अध्यक्षपद त्यांना कुणी दिलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं, पण काढून घ्यायची हिंमतही कुणाला नव्हती.

"या," सोफावाला म्हणाला. "बसा म्हणत नाही. इथे बसण्याजोगं काही नसतं. बसण्याजोगं झालं की गिऱ्हाईक घेऊन जातं."

बाई हसल्या. सरांनी नाकाला रुमाल लावला.

ते बाकासाठी आले होते. वाचनालयात खिडकीखाली एक लांब बाक होता, पाठ आणि बैठक गादीची. सोफावाल्याची बायको बैठकीला नेहमी त्याच बाकावर डाव्या टोकाला बसायची. ती गेल्यावर मंडळींनी ठरवलं की बाक नवा करून घ्यायचा आणि तिच्या नावाने ठेवायचा. नवा करणार कोण, हा प्रश्नच नव्हता. बाक दुकानाच्या कोपऱ्यात येऊन पडला होता. सोफावाल्याने त्याचं जुनं कापड अजून काढलेलं नव्हतं. डाव्या टोकाला एक खोलगट जागा झाली होती, तिच्यावर सुरी चालवायला हात होत नव्हता.

"पाटी झाली," बाई म्हणाल्या आणि कागदात गुंडाळलेली पितळी पाटी त्यांनी पुढे केली. "पाठीच्या मधोमध बसवा. वाक्य सरांनी निवडलंय."

सोफावाल्याने तोंडावरचं फडकं खाली केलं आणि वाचलं.

*मीठ म्हणजे वाळलेले अश्रू. ज्याने ते चाखले, त्याने जग चाखले.*

खाली बायकोचं नाव.

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं.

"हे ती कधी म्हणाली?"

"त्या नाही हो, म्हातारी म्हणते," बाई समजावू लागल्या. "सर शिकवायचे त्या महाकादंबरीत. तो स्वयंपाकिणीचा प्रसंग, वहिनींनी बैठकीत सांगितलेला. काय सांगितला होता! माझा चहा गार झाला होता."

"त्या प्रसंगाचा तो कळस आहे," सर रुमालाआडून म्हणाले. "मी माझ्या लेखात त्याच वाक्यावर बोट ठेवलंय. महान साहित्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच वाक्य दाखवीन."

सोफावाल्याने पाटी पालथी घालून ठेवली. दोघं गेल्यावर मात्र त्याला काम सुचेना.

आता बैठकीचा नियम सांगायला हवा. तिथे सगळ्यांनी पुस्तक वाचायचं नसायचं. ज्याची पाळी असेल त्याने वाचायचं आणि त्यातला एक प्रसंग बाकीच्यांना सांगायचा. पण शेवट सांगायचा नाही. ऐन रंगात आलं की थांबायचं. हेतू चांगला होता: शेवटासाठी तरी लोक पुस्तक घरी नेतील. प्रत्यक्षात चहा यायचा, आणि चहाबरोबर शेवट विसरला जायचा. पुस्तक कुणीच नेत नसे. नेत होती फक्त सोफावाल्याची बायको.

आणि बैठकीत जे सांगायचं ते ती आदल्या दिवशी दुकानात नवऱ्याला सांगून बघायची. तो खिळे उपटायचा, ती काथ्या पिंजता पिंजता बोलायची. तो काही वाचणारा माणूस नव्हता. पण अशी किती पुस्तकं त्याने कानाने खाल्ली होती, आणि सगळी अर्धी अर्धी.

हा प्रसंग तिने आजारपणात सांगितला होता. हळूहळू, मध्ये दम घेत.

एका मोठ्या घरात एक स्वयंपाकीण असते. सगळं आयुष्य त्याच चुलीपुढे गेलेलं. एक दिवस तिच्या जिभेची चव जाते. गोड कळेना, तिखट कळेना, मीठ तर अजिबात नाही. सांगणार कुणाला? चव गेलेली स्वयंपाकीण म्हणजे डोळे गेलेला शिंपी. मग ती युक्त्या करते. चमच्याने मीठ मोजते. मांजराला चाखवून बघते. वाढताना ताटाकडे न बघता जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघते. घरात मालकाची आई आहे, म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. सगळ्यांची तोंडं वाचता येतात, पण हिच्या तोंडावर काही उमटतच नाही. एके दिवशी घरात पाहुणे येतात, मोठी माणसं. धांदलीत स्वयंपाकीण रश्श्यात मीठ घालते आणि घातलं की नाही ते विसरून पुन्हा घालते. पानं वाढली जातात. घराची रीत अशी की पहिला घास म्हातारीचा. तिने खाल्ल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मांजर पातेल्यापासून लांब जाऊन बसलंय, ते स्वयंपाकिणीला दिसतं, आणि तिला कळतं. पण आता उशीर झालेला असतो. म्हातारी चाचपडत वाटी घेते. सगळे थांबलेत. स्वयंपाकीण दाराच्या चौकटीला धरून उभी आहे. म्हातारी पहिला घास घेते.

इथे बायको थांबली होती.

"मग?" सोफावाल्याच्या हातातली पकड तशीच राहिली होती.

"मग काय? शेवट सांगायचा नाही, नियम आहे."

"अगं, घरच्या माणसाला कसला नियम!"

"घरच्या माणसाला तर आधी. पुस्तक आणून वाचा अहो कधीतरी. डोळे काय खिळे बघायलाच दिलेत?"

"बघू," तो म्हणाला होता. ते बघायचं राहिलं. ती दवाखान्यात गेली, आणि नंतर विचारायला कुणी उरलं नाही. पण म्हातारी त्याच्या डोक्यात तशीच बसून होती, तोंडात घास घेऊन. बाकीचं सगळं दुःख एका बाजूला, आणि ही म्हातारी एका बाजूला. काम करताना, अंघोळ करताना, त्याला मध्येच वाटायचं, आता गिळेल. आणि ती इतके दिवस ताटकळवून शेवटी हे बोलली? मीठ म्हणजे वाळलेले अश्रू?

त्याने हात धुतले आणि वाचनालयात जाऊन ती महाकादंबरी आणली. बाईंना इतकं नवल वाटलं की त्यांनी नोंदसुद्धा केली नाही.

तो रोज दुपारी दुकानाचं दार लोटून वाचायचा. ओळीखाली बोट ठेवून, एखादं वाक्य दोनदा. पुस्तक चांगलं जाडजूड होतं. एक इंजिनियर आपल्या गावी परत येतो आणि नदीच्या काठावर उभा राहून विचार करतो. पहिल्या भागात तो पूल बांधावा की नाही याचा विचार करतो, दुसऱ्या भागात आयुष्य म्हणजे पूलच नाही का, याचा. त्याला एक मित्र आहे; तोही तसाच बोलतो. त्याची आई मरते तेव्हा तीही तसंच बोलते. एवढ्या पानांत कुणाला भूक लागत नाही, कुणाचं पोट बिघडत नाही, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटत नाही. बायका येतात त्या दिवा घेऊन येतात आणि खिडकीपाशी उभ्या राहतात.

सोफावाल्याला आधी वाटलं, आपल्याला कळत नाही. मग वाटलं, कळण्यासारखं काहीतरी पुढे असेल. मग त्याला त्या इंजिनियरचा असा वीट आला की पुस्तक उघडलं की तोंडात आंबट पाणी यायचं. तरी त्याने सोडलं नाही. म्हातारी अडकून पडली होती ना. मूठभर पानांनंतर पुस्तकाची पानं कोरी करकरीत होती, कुणाचं बोट न लागलेली. बायको पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवून पुसायची, त्यामुळे तिचीही कुठे खूण नव्हती.

शेवटचं पान उलटलं तेव्हा इंजिनियर नदीकाठीच उभा होता. पूल झाला नव्हता.

स्वयंपाकीण होती. एका ठिकाणी. *स्वयंपाकीण ताट ठेवून निघून गेली*, एवढी. मांजर नाही, पाहुणे नाहीत, आंधळी म्हातारी नाही. आपण झोपेत पानं चुकवली असतील म्हणून तो पुन्हा मागून पुढे आला. नाही म्हणजे नाही.

पुस्तक काखेत मारून तो तडक सरांकडे गेला.

सर चहा पीत होते. बिस्कीट कपात बुडवायचे, ते मऊ होऊन लोंबायला लागलं की तोंड खाली नेऊन सुर्रकन ओढून घ्यायचे. बिस्किटाचा लगदा ओठाच्या कोपऱ्यात साचला होता. सोफावाल्याने नजर भिंतीकडे वळवली. भिंतीवर सरांच्याच सत्काराचे फोटो होते.

"वाचलीत?" सर खूश झाले. "वा! कशी वाटली?"

"तो प्रसंग कुठे आहे सर? म्हातारीचा."

"तो तर गाभा आहे कादंबरीचा."

"गाभा कुठल्या पानावर आहे?"

"पानं मोजून साहित्य कळत नसतं हो."

"मोजू नका. नुसता दाखवा."

सरांनी पुस्तक ओढून घेतलं. अंगठा जिभेला लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बिस्किटाचा ओला ठसा उमटत गेला. ज्या पुस्तकाला बायको हात धुवून शिवायची, त्यावर ती चिकट थुंकी बघून सोफावाल्याच्या अंगावर शहारे आले.

"ही नवी आवृत्ती," सर शेवटी म्हणाले. "काटछाट केलेली. प्रकाशक लोक! मूळ आवृत्तीत आहे."

"मूळ आहे तुमच्याकडे?"

"होती. एका विद्यार्थ्याने नेली."

"मग ते वाक्य तुम्ही त्या मुळातून घेतलंत?"

"अर्थात."

"मग मला सांगा, तेवढंच सांगा. म्हातारीच्या तोंडात खारट घास आहे. हे सगळं ती तोंडात घास असताना बोलली, का आधी गिळला?"

सर गोंधळले. "म्हणजे?"

"की थुंकली?"

"काहीतरीच काय! अहो, प्रतीक आहे ते. महान साहित्यात म्हातारी ही म्हातारी नसते. ती भूमी असते, ती काळ असते. आणि मीठ म्हणजे दुःख. वाचणारा वाक्यागणिक उंच व्हायला पाहिजे, तेव्हा साहित्य महान होतं. थुंकली काय म्हणे."

"म्हणजे तुम्ही वाचलेली नाही."

"मी?" सरांचा कप बशीवर आपटला. "जन्मभर शिकवली आहे ही कादंबरी मी!"

"शिकवली असेल," सोफावाला म्हणाला आणि पुस्तक उचलून बाहेर पडला. कव्हरवर ओलं लागलं होतं. त्याने रस्त्यातच सदऱ्याच्या टोकाने ते पुसलं, आणि मग सदऱ्याचीही किळस वाटत राहिली.

सरांचं त्याला फारसं नवल वाटलं नाही. बैठकीत ऐकलेला अर्धा प्रसंग घ्यायचा, त्याला आपल्या पदरचं शेपूट लावायचं आणि लेख लिहायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. त्याला डाचत होतं ते वेगळंच. प्रसंग पुस्तकात नाही, म्हणजे तो बायकोने रचला. ठीक आहे. पण मग मला का सांगितलं, पुस्तकात आहे म्हणून? बैठकीला फसवलंस ते फसवलंस, मलाही? आणि किती पुस्तकं अशी सांगितलीस, ती होती तरी का? त्या संध्याकाळी त्याला तिचाही राग आला. गेलेल्या माणसाचा राग आला म्हणून स्वतःचाही आला. बाकाकडे पाठ करून तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मेहुणी डबा घेऊन आली. बायकोची धाकटी बहीण. आठवड्यातून एकदा यायची, दुकान झाडायची, भावोजींना रागवायची आणि जायची.

"जेवा माझ्यासमोर. मागच्या वेळचा डबा तसाच परत आला. मला काय मांजर समजलात उरलेलं खायला?"

तो जेवू लागला.

"मीठ बरोबर आहे ना?"

"बरोबर."

"तुम्हाला विचारून उपयोग काय म्हणा!" ती हसली. "ताईच्या हातचं शेवटी शेवटी काय काय खाल्लंत, हूं नाही की चूं नाही."

घास त्याच्या हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तिची चव गेली होती ना. त्या औषधांनी. कागद चघळल्यासारखं लागतं म्हणायची. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"जेवण खारट व्हायचं तेवढं ठाऊक होतं. मला वाटलं, आजारी आहे, लक्ष लागत नाही. म्हणून बोललो नाही."

"आणि तिने मला शपथ घातली होती, त्यांना सांगू नकोस. एवढं एकच काम राहिलंय माझ्या हातात, तेही काढून घेतील, म्हणायची. तुमच्या तोंडाकडे बघून मीठ घालायची ती."

"माझ्या तोंडावर काय दिसायचं?"

"तेच तर! काही म्हणजे काही दिसायचं नाही म्हणे. दगड परवडला. वर पुन्हा मागून घ्यायचात, वाढ अजून म्हणून. रडायची आणि हसायची एकदमच. म्हणायची, आमचे हे आंधळ्या म्हातारीसारखे जेवतात."

सोफावाल्याने डबा बाजूला सरकवला.

"मग तिला कळायचं कसं?"

"पाण्यावरून," मेहुणी म्हणाली. "जेवण झालं की तुम्ही तांब्या तोंडाला लावायचात आणि खाली ठेवायचा नाहीत. मग ती दुसऱ्या दिवशी मीठ कमी करायची. आणि मग अळणी व्हायचं. ... भावोजी? अहो भावोजी, तिखट लागलं का?"

"नाही. जरा पाणी दे."

ती गेल्यावर त्याने बाकाचं जुनं कापड काढलं. डाव्या टोकाच्या खोलगट जागेवर सुरी ठेवली आणि ओढली. आत केसांचा गुंता होता, पिना होत्या, बिस्किटांचा भुगा होता, चिकट झालेला. इतक्या वर्षांची सगळ्या बैठकीची घाण. ती त्याने मुठी भरभरून बाहेर काढली. मग नवा काथ्या भरला, वर कापूस, वर फोम. दाभणाने टाके घालताना तो मध्ये मध्ये पालथ्या पाटीकडे बघत होता.

बाक पोचवायचा तो बैठकीचा दिवस होता. मंडळी आधीच जमलेली. सर अध्यक्षांच्या खुर्चीत, बाई चहाच्या तयारीत, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई दाराशी, आणि चार-पाच नेहमीचे. दोघांनी मिळून बाक खिडकीखाली सरकवला. नवं हिरवं कापड सगळ्यांना आवडलं. नर्सबाईंनी हात फिरवून बघितला.

"पण पाटी कुठे?" बाईंनी पाठीवर शोधलं, मागे वाकून बघितलं. "अहो, पाटी राहिली!"

"बसवली आहे," सोफावाला म्हणाला.

"कुठे?"

"आहे. त्याआधी मला एक सांगायचंय. मी काही इथला नाही, पण आज माझी पाळी समजा."

सरांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांच्या लेखाचं वाचन व्हायचं होतं. पण लोक बाकाभोवती जमले होते, त्यामुळे त्यांना थांबावं लागलं.

सोफावाल्याने प्रसंग सांगितला. त्याला सांगता येत नव्हतं. मांजर आधी आलं आणि पाहुणे नंतर, ते उलटसुलट झालं, एकदा मागे जावं लागलं. पण बहुतेकांनी तो पूर्वी ऐकलेला होता, ते मनातल्या मनात त्याच्या पुढे धावत होते. म्हातारीने वाटी हातात घेतली तसे सगळे पुढे सरकले. म्हातारीने पहिला घास घेतला.

इथे चहा यायचा. आज बाई किटली धरून तशाच उभ्या राहिल्या.

"म्हातारीने घास गिळला," सोफावाला म्हणाला. "तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. वाटी पुढे केली आणि म्हणाली, वाढ अजून. स्वयंपाकिणीने वाढलं. तेही म्हातारीने खाल्लं. मग म्हणाली, पाणी दे गं. तांब्या तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. तेव्हा स्वयंपाकिणीला कळलं की हिला कळलं."



"झालं," तो म्हणाला. "एवढंच."

"आणि वाक्य?" सर म्हणाले. "अश्रूंचं?"

"ते ती बोलली नाही."

"हे कादंबरीतलं नाही!"

"नाहीच. कादंबरीत स्वयंपाकीण ताट ठेवते आणि जाते. मी पूर्ण वाचली. बाकीचं माझ्या बायकोने रचलं आणि सोन्यासारखं तुमच्या पदरात टाकलं. तुम्ही त्यावर थुंकी लावलीत."

"भाषा सांभाळा," सर म्हणाले.

"मग हे लिहिलंय कुणी?" नर्सबाईंनी विचारलं.

"लिहिलं नाहीच. तिने सांगितलं. शेवट मात्र तिने सांगितला नव्हता. तो मी बघितलेला आहे."

सर एवढ्या तेवढ्याने खचणारे नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी लेखात जे म्हटलंय ते प्रसंगाच्या शक्यतेबद्दल आहे," ते म्हणाले. "तो कुठे छापलाय हा प्रश्न गौण आहे. पण तुम्ही आता सांगितलंत ते, माफ करा, साहित्य नव्हे. ही घरगुती हकिकत झाली. त्यात विचार कुठाय? म्हातारी पाणी पिते. उद्या म्हणाल, ढेकर देते."

"देतही असेल," सोफावाला म्हणाला. "एवढं पाणी प्यायल्यावर."

नर्सबाई फसकन हसल्या. पण बाकीचे सगळे हसले नाहीत. एक गृहस्थ, जे एरवी बैठकीत डुलक्या काढत, अजिजीने म्हणाले, "मला विचाराल तर अश्रूंचं वाक्यच बरं वाटतं. पाहुणे आले तर दाखवता येतं." दोघांनी माना डोलावल्या. बाई किटलीकडे बघत राहिल्या.

सोफावाल्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. ही माणसं म्हातारीच्या तोंडात घास असताना चहा पीत होती, आणि आता तो घास तिने गिळला हेही त्यांना रुचत नव्हतं. त्यांना तिने घास तोंडात धरून भाषण करायला हवं होतं. बायको इतकी वर्षं यांच्यात येऊन बसली कशी? तिला हे दिसत नव्हतं की दिसत होतं? मग त्याला वाटलं, दिसत असणारच. म्हणून तर तिने पुस्तकातलं सांगणं सोडलं असेल. पुस्तकातलं सांगून जेवढं पोचायचं तेवढं पोचून झालं होतं.

"चहा घ्या," बाई म्हणाल्या.

"नको."

"आणि पाटी? खरं सांगा ना, कुठे बसवलीत? लोक विचारतील."

"बसवली आहे म्हटलं ना. आत आहे."

"आत म्हणजे?"

एव्हाना सरांनी लेखाचे कागद काढले होते. वाचन खिडकीच्या उजेडात बरं होईल म्हणून ते खुर्चीतून उठले आणि बाकावर येऊन बसले. मधोमध. गादी त्यांच्याखाली सावकाश दबली. त्यांनी जरा सरकून बघितलं, आरामात टेकले आणि घसा खाकरला.

बाईंनी सोफावाल्याकडे बघितलं. मग सरांखालच्या गादीकडे. मग किटली चटकन खाली ठेवून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"टोचत नाही ना सर?" सोफावाल्याने विचारलं.

"छे, छे. उत्तम झालाय."

"टोचायचं नाहीच. वरून भरपूर कापूस घातलाय."

सरांनी वाचायला सुरुवात केली. महान साहित्य म्हणजे काय, असा प्रश्न त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारला होता आणि उत्तर दुसऱ्या वाक्यापासून सुरू होत होतं. सोफावाला चपला घालून बाहेर पडला. रस्त्यावर आल्यावर मागून पावलं वाजली. नर्सबाई होत्या, धापा टाकत.

"अहो, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "एक राहिलंच. म्हातारीने खाल्लं, ते ठीक. पण मग पाहुण्यांची पाळी आली असेल. त्यांनी काय केलं?"

सोफावाला थांबला. हे त्याला सुचलंच नव्हतं. पाहुणे ताटासमोर बसलेले होते, मोठी माणसं, आणि म्हातारीने दोनदा वाढून घेतलेलं त्यांनी बघितलं होतं. आता त्यांना चमचा उचलावाच लागणार होता. त्यातला एक तर बिस्कीट सुर्रकन ओढणारा होता, अगदी सरांसारखा. चौकटीला धरून स्वयंपाकीण अजून उभीच होती.

"सांगा की!"

"शेवट सांगायचा नाही," तो म्हणाला. "नियम आहे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही."

"अजून नाही," सोफावाला म्हणाला, आणि दुकानाकडे चालू लागला.